आजी न फुगवता भिंत लांबवायची आहे (चौरस फोटो, ६ बाय ३चा फ्लेक्स)

रातांबी
शुक्रवार, रात्री ११:५२

मंडळी, घाईचा प्रश्न आहे.

पुढच्या रविवारी गावी, लांज्याजवळ, आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. मांडवाच्या तोंडाशी ६ बाय ३ फुटांचा आडवा फ्लेक्स लावायचा आणि त्यावर आजी-आजोबांचा तरुणपणचा एकुलता एक फोटो घ्यायचा, असं सगळ्या भावंडांनी मिळून ठरवलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणजे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण "तुला फोटोशॉप येतं ना". येतं म्हणजे दरवर्षी सोसायटीच्या गणपतीची पत्रिका मी करते. इतपतच.

फोटो मे १९६८चा आहे. आजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला गिरणीत होते, ते सुट्टीत येताना कोणाचा तरी अगफा क्लिक थ्री घेऊन आले होते. त्या कॅमेऱ्यात १२०च्या फिल्मवर चौरस फोटो यायचा, त्यामुळे प्रिंटही चौरस, सव्वादोन इंच बाय सव्वादोन इंच. निगेटिव्ह कुठे गेली देव जाणे. प्रिंट मी १२०० डीपीआयला स्कॅन केली, २७०० बाय २७०० पिक्सेल भरली.

फोटोत काय आहे ते सांगते. मागे घराची चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची भिंत, गिलावा नसलेली. आजोबा खुर्चीत, शेजारी आजी उभी. दोघं मध्यापासून जरा उजवीकडे. डावीकडे तुळशीवृंदावन आणि त्याच्याही डावीकडे जेमतेम दीड चिरा भिंत. वर कौलांची कड आणि तिची भिंतीवर पडलेली सावली. खाली सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. उजव्या टोकाला दाराची चौकट, आणि स्कॅन मोठा करून पाहिल्यावर मला दिसलेली गंमत म्हणजे चौकटीपाशी कोणाचा तरी हात. कोपरापासून मनगटापर्यंत, दोन पाटल्यांसकट. बाकी बाई फोटोच्या बाहेर.

आता माझे पराक्रम. कंट्रोल-टी केलं, बाजूचं हँडल धरलं आणि फोटो दुप्पट रुंद ओढला. आजी जन्मभर काटकुळी, ती पाण्याच्या पिंपाएवढी झाली. आजोबांची खुर्ची सोफा झाली. मग म्हटलं फक्त डावी पट्टी ओढू. तर दीड चिऱ्याचा एक बाक झाला, वृंदावनाचा कठडा पसरून गुरांच्या गोठ्यातली गव्हाण झाला आणि भिंतीवर कोणीतरी फणी फिरवावी तशा आडव्या रेघा उमटल्या.

माझ्याकडे फोटोशॉपचं जुनं सीएस६ आहे, मेव्हण्यांच्या जुन्या पीसीवर. माणसं आणि वृंदावन जसंच्या तसं ठेवून नुसती भिंत कशी ताणायची? फोटो खाली जोडला आहे.

---

पिक्सेलपंत
शनिवार, रात्री १२:१४

ताई, २०२३पासून फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह एक्स्पांड आहे. क्रॉप टूलने चौकट बाहेर ओढायची, बटण दाबायचं, संपलं. सीएस६मध्ये नाही मिळणार, त्याला नवीन व्हर्जन आणि नेट दोन्ही लागतं. थांबा, मी तुमचा फोटो एका ऑनलाइन एआय साइटवर टाकून बघतो. दोन मिनिटं.

---

पिक्सेलपंत
शनिवार, रात्री १२:३१

झाला. लिंक देतोय पण आधीच सांगतो, हसू नका. भिंत मस्त वाढवलीय, कौलं पण. डावीकडे अजून एक वृंदावन दिलंय, त्यात कारंजं आहे. आणि उजवीकडच्या हाताला त्याने बाई लावून दिली. मोकळे केस, खांद्याला पर्स.

---

रातांबी
शनिवार, रात्री १२:४०

अहो ही कोण? आजोबांच्या मागे ही पर्सवाली बाई बघून आजी मांडवातच जाब विचारेल!

मनापासून आभार, पण हे नको. भिंतीचंही काहीतरी बिघडलंय, नीट सांगता येत नाही. आमच्या घराची वाटत नाही.

---

चौकोन
शनिवार, सकाळी ७:०५

मुळात ताणायचा कशाला? चौरस फोटो चौरसच राहू द्या. ६ बाय ३मध्ये उजवीकडे ३ बाय ३चा फोटो, डावीकडे ३ बाय ३ची मोकळी जागा, तिथे आजींचं नाव, तिथी, वेळ. पाच मिनिटांचं काम. गावोगावच्या फ्लेक्सवर माणसं आधीच फुगवलेली असतात, त्यात आणखी भर नको.

---

रातांबी
शनिवार, सकाळी ७:४८

मी हेच म्हटलं होतं. चुलतभावाचं म्हणणं पडलं की "अर्धा फ्लेक्स रिकामा दिसेल, पैसे सहा फुटांचे देतोय". घर दिसलं पाहिजे असाही आग्रह आहे, कारण ते घर आता तसं राहिलेलं नाही. कौलं जाऊन स्लॅब आलाय.

---

निगेटिव्हवाला
शनिवार, सकाळी १०:२०

ताई, चिपळुणात माझा स्टुडिओ होता. आता फ्लेक्सचं डिझाइन करतो. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करण्यापासून सुरुवात केलेला माणूस आहे, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या. २०२१च्या जुलैच्या पुरानंतर वर्षभर मी दुसरं काही केलंच नाही. लोक चिखलातून काढलेले फोटो घेऊन यायचे, कोणाचा डावा तिसरा हिस्सा गेलेला, कोणाचा खालचा. तो हिस्सा उरलेल्या फोटोतूनच उभा करायचा. तुमचं काम त्यातलंच आहे, फक्त तुमचा फोटो सुदैवाने कोरडा आहे.

पहिली गोष्ट. तुम्ही विचारलंत भिंत कशी ताणायची. भिंत ताणायची नाही. ज्या गोष्टीचं माप बघणाऱ्याला पाठ असतं ती कधी ताणू नये. माणूस, दार, खुर्ची आणि कोकणात तरी चिरा. चिरा केवढा असतो हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक आहे. दीडपट लांब चिरा दिसला की का ते कळणार नाही, पण "हे आपलं घर नव्हे" असं वाटणार. तुम्हाला त्या एआयच्या भिंतीत जे खटकलं ना, ते हेच. मी लिंक मोठी करून पाहिली. सात थरांतले तीन थर मध्येच जाड झालेत आणि दोन ठिकाणी सांध्यावर सांधा आलाय. गवंड्याने असं काम केलं असतं तर तुमच्या पणजोबांनी त्याला हाकललं असतं.

भिंत ताणायची नाही, बांधायची. चिरे आहेत तेच वापरायचे, अख्खे.

दुसरी गोष्ट, बाजू कोणती. तुम्ही दोन्हीकडे सारखं वाढवायचा विचार करत असाल तर सोडा. उजव्या कडेला हात आहे. कडेवर जे अर्धं कापलेलं असतं ते कडेवर असेपर्यंतच चालतं. कड पुढे सरकली की त्या हाताला एकतर बाई द्यावी लागते, नाहीतर हात पुसावा लागतो. एआयने पहिलं केलं. तुम्ही दुसरं कराल. दोन्ही नको. उजवी कड आहे तिथेच ठेवा, सगळी वाढ डावीकडे घ्या. कॅनव्हास साइझमध्ये (ऑल्ट-कंट्रोल-सी) रुंदी ५४०० करा आणि बाणांच्या चौकोनात उजवा मधला खण निवडा, म्हणजे नवी जागा सगळी डावीकडे उघडेल. त्याआधी बॅकग्राउंड लेयरवर डबल क्लिक करून तिचं कुलूप काढा.

आता बांधकाम. आजोबा आणि दाराच्या चौकटीमध्ये भिंतीचा चांगला तुकडा आहे, मी मोजले, साधारण चार चिरे रुंद. आजी आणि वृंदावनामध्ये आणखी दोन. हा तुमचा माल. पॉलिगोनल लॅसो घ्या आणि तुकडा सरळ उभ्या रेघेत कापू नका. सांध्यासांध्याने जा. एका थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्यावर येत नसतो, त्यामुळे तुमची कड करवतीच्या दात्यांसारखी येईल. तशीच यायला हवी. कंट्रोल-जे करून वेगळी लेयर करा, डावीकडे न्या, थराला थर जुळवा. दाते दात्यांत बसले की जोड शोधून सापडत नाही, कारण जोड खऱ्या सांध्यातच लपतो.

वरचे दोन थर उचलताना कौलं आणि सावली त्यांच्यासोबतच उचला. कौलांच्या कडेची सावली खाली झालरीसारखी पडलेली आहे, वरच्या कौलाला खालची झालर जुळलीच पाहिजे. वेगवेगळं उचललंत तर रात्रभर बसाल.

खळं मात्र बिनधास्त ताणा. सारवलेल्या जमिनीला माप नसतं. वृंदावनाच्या डावीकडची जमिनीची पट्टी मार्कीने निवडा, कंट्रोल-जे, मग कंट्रोल-टी, डावं हँडल ओढा. सीएस६मध्ये बाजूचं हँडल नुसतं ओढलं की एकाच दिशेने ताणलं जातं. (ज्यांच्याकडे २०१९ किंवा पुढचं आहे त्यांना शिफ्ट दाबून ओढावं लागेल, तिथे उलटं केलंय.) फणी फिरवल्यासारख्या रेघा येतील त्याचं कारण फिल्मचा दाणा. तोही तुमच्याबरोबर ताणला जातो, ठिपक्याची रेघ होते. त्यावर उपाय असा की ताणलेल्या लेयरला आधी गॉशियन ब्लर द्या, दाणा विरघळेपर्यंतच, जास्त नाही. मग फिल्टरमधून ॲड नॉईज, गॉशियन आणि मोनोक्रोमॅटिक. किती टक्के ते मी सांगणार नाही, फोटो १०० टक्क्यांवर ठेवून शेजारच्या न ताणलेल्या जमिनीशी डोळ्याने जुळवा.

हे सगळं थोडक्या चिऱ्यांपर्यंत निभतं. पण २७०० पिक्सेलची अख्खी नवी भिंत चार चिऱ्यांच्या मालातून बांधलीत तर तोच डाग, तीच फुटकी कड पाच वेळा दिसेल. म्हणून चौकोन म्हणतात तेही अर्धं करा. साधारण अकराशे-बाराशे पिक्सेल भिंत बांधा आणि पुढे ती साध्या रंगात विरवा, मास्क आणि ग्रेडियंटने. विरलेल्या भागावर अक्षरं. भावाला फ्लेक्स भरलेला दिसेल.

---

उबुंटूआजोबा
शनिवार, दुपारी १:३५

माणसं वाचवून बाकीचं चित्र ताणणाऱ्या कंटेंट-अवेअर स्केलचं वर कोणीच नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. सीएस४पासून, म्हणजे २००८पासून, फोटोशॉपमध्ये आहे. मूळ युक्ती अविदान आणि शामीर या दोघांनी २००७मध्ये मांडली, सीम कार्व्हिंग नावाने. सीम म्हणजे शिवण. समजा चित्र हा डोंगरउतार आहे. जिथे शेजारच्या ठिपक्यांत फरक जास्त तिथे चढ, जिथे सपाट रंग तिथे मैदान. संगणक वरून खाली येणारी अशी पायवाट शोधतो की जिच्यावर कमीत कमी चढ लागेल. प्रत्येक ओळीतला एकच पिक्सेल, आणि पुढच्या ओळीत फार तर एक घर डावीउजवीकडे. चित्र अरुंद करायचं तर ती पायवाट काढून दोन्ही बाजू शिवून टाकायच्या. रुंद करायचं तर तिच्याशेजारी तशीच दुसरी घालायची. माणूस म्हणजे चढ, म्हणून वाटा त्याला वळसा घालून जातात.

गिम्प (फोटोशॉपसारखं फुकट सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी हेच लिक्विड रीस्केल नावाच्या प्लगइनमध्ये फुकट आहे. रीसिंथेसायझर नावाचं दुसरं प्लगइन कडेबाहेरची जागा आतल्या पोतावरून भरतं. रातांबी यांनी मेव्हण्यांच्या पीसीवर उबुंटू टाकावं असं मी सुचवणार होतो, पण रविवार जवळ आहे.

---

निगेटिव्हवाला
शनिवार, दुपारी २:१०

आजोबा, नाव मुद्दामच नव्हतं काढलं. समुद्र, आभाळ, वाळू, भातखाचरं असली की ते हुकमी चालतं. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरचे किती कौटुंबिक फोटो मी त्यावर आडवे केलेत. पण इथे भिंत आहे.

---

उबुंटूआजोबा
शनिवार, दुपारी २:२६

भिंतीचं अर्धंच खरं. रुंदी वाढवताना प्रत्येक पिक्सेल आपल्या ओळीतच राहतो, फक्त आडवा सरकतो. म्हणजे चिऱ्यांचे आडवे थर सरळच राहतील. मोडतील ते उभे सांधे, खांब, तिरप्या रेघा. आणि चिरे कमीजास्त लांब होतील हे तुमचं म्हणणं मान्य.

---

रातांबी
शनिवार, रात्री ९:१५

दोघांचंही करून पाहिलं.

कंटेंट-अवेअर स्केल आधी चालतच नव्हतं, मेनूत करडं दिसत होतं. कारण तेच, बॅकग्राउंडचं कुलूप काढलं नव्हतं. मग एकदम ओढलं तर आजोबा वाचले पण आजीच्या हातातला पंखा सुपाएवढा झाला. वर माणसाच्या आकृतीचं एक छोटं बटण आहे, त्वचेचा रंग ओळखून वाचवणारं. काळ्यापांढऱ्या फोटोत ते काय ओळखणार, दाबून फरक पडला नाही.

---

उबुंटूआजोबा
शनिवार, रात्री ९:३०

ते बटण विसरा. आजी, आजोबा, खुर्ची, पंखा, वृंदावन, दार, हात, सगळ्यांभोवती लॅसोने ढोबळ वेढा घाला. सिलेक्ट मेनूतून सेव्ह सिलेक्शन, नाव द्या "आजी". सिलेक्शन सोडा. पुन्हा कंटेंट-अवेअर स्केल, वरच्या पट्टीत प्रोटेक्ट लिहिलंय तिथे "आजी" निवडा. आता ओढा. वेढ्यातल्यांना हात लागणार नाही.

---

रातांबी
शनिवार, रात्री १०:२०

लागला नाही! आजी शाबूत. पण निगेटिव्हवाला जिंकले. भिंतीतले उभे सांधे पावसात भिजलेल्या वहीतल्या समासासारखे वाकडे झाले. खळं मात्र याने सुंदर ताणलं, कंट्रोल-टीपेक्षा बरं. तेव्हा खळं उबुंटूआजोबांचं, भिंत निगेटिव्हवाल्या काकांची.

---

रातांबी
सोमवार, रात्री ११:०८

काका, भिंत बांधली. दोन संध्याकाळी गेल्या. बघा आणि खरं सांगा. काहीतरी खटकतंय, मला सापडत नाही. नवऱ्याने पाहिलं आणि म्हणाला "छान आहे", म्हणजे त्याने पाहिलं नाही.

---

निगेटिव्हवाला
मंगळवार, सकाळी ९:४०

दाते छान बसवलेत. शपथेवर सांगतो, जोड मला दोनदा बघून सापडला.

खटकतंय ते असं. नवीन भिंतीचा डावा निम्मा भाग तुम्ही फ्लिप केलाय, म्हणजे डावंउजवं उलटवलंय, तोच डाग पुन्हा दिसू नये म्हणून. सगळे करतात. पण ऊन बघा. वृंदावनाची सावली उजवीकडे पडलीय, म्हणजे ऊन डावीकडून आहे. खऱ्या भिंतीत प्रत्येक उभ्या सांध्याची डावी बाजू काळी, उजवी उजळ. तुमच्या फ्लिप केलेल्या भागात बरोबर उलटं. एका भिंतीवर दोन सूर्य. शिवाय फ्लिप जिथे सुरू होतो तिथे मधोमध आरसा धरल्यासारखं दिसतं, डागाला जुळा डाग. माणसाच्या डोळ्याला जुळं फार पटकन दिसतं.

फ्लिप काढा. त्याऐवजी तोच तुकडा एक थर वर किंवा दोन थर खाली सरकवून बसवा, म्हणजे डागांची ओळ मोडेल. मग क्लोन स्टॅम्पने तीन-चार ठळक डाग बुजवा. सगळे नको, भिंतीला डाग लागतातच. वृंदावनाच्या वर तो त्रिकोणी पोपडा आहे ना, तो तेवढा एकदाच दिसू दे. बाकीच्या ठिकाणचा काढा. ओळखू येईल असा डाग एकदाच, बिनचेहऱ्याचे कितीही.

फ्लिप करून ऊन चुकण्यावरून आठवलं. आमच्या स्टुडिओत एकदा एका साहेबांचा फोटो निगेटिव्ह उलटी धरून एन्लार्ज झाला. कोणालाच कळेना काय चुकलंय. शेवटी त्यांच्या मंडळी म्हणाल्या, सदऱ्याचा खिसा उजवीकडे कसा?

---

पिक्सेलपंत
मंगळवार, सकाळी १०:०२

काका हे असलं कुठे शिकायला मिळतं? मी आत्ता माझी एआयची भिंत बघितली. तिच्यात तीन सूर्य आहेत.

---

निगेटिव्हवाला
मंगळवार, दुपारी १२:१५

शिकायला काही नाही, गिऱ्हाईक परत यायचं आणि ओरडायचं.

रातांबीताई, प्रिंटला देण्याआधीचं. ६ बाय ३ फूट म्हणजे ७२ बाय ३६ इंच. फ्लेक्सला इंचाला ७२ पिक्सेल पुरतात, लोक दहा फुटांवरून बघतात. म्हणजे ५१८४ बाय २५९२, तुमच्याकडे त्याहून जास्तच आहे. चारी बाजूंनी दोन-दोन इंच काही महत्त्वाचं ठेवू नका, तिथे कड दुमडून आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या ठोकतात. आता तुमचा हात बरोबर उजव्या कडेवर! तेव्हा उजवीकडे फोटोच्या बाहेर दोन इंचांची साधी पट्टी द्या, डावीकडे जो रंग विरवलाय त्याच रंगाची. नाहीतर बाईच्या कोपरात आयलेट बसेल.

आणि निव्वळ काळापांढरा ठेवू नका. फ्लेक्सच्या मशीनवर तो कधी हिरवट येतो, कधी जांभळट. किंचित तपकिरी झाक द्या, म्हणजे मशीनची चूक त्यात खपते.

---

चौकोन
मंगळवार, दुपारी १२:४०

शेवटी अर्ध्यावर साधा रंग आलाच. मी काही बोललो नाही.

---

रातांबी
पुढचा सोमवार, रात्री १०:४५

सगळ्यांना कार्यक्रमाचा वृत्तांत द्यायचा राहिला होता. फ्लेक्स झकास आला. तपकिरी झाक दिली होती म्हणून असेल, पण हिरवा आला नाही. भाऊ खूश, "बघ, भरला की नाही" म्हणून मलाच सांगत होता.

आजीला शनिवारी रात्रीच दाखवला, पडवीत टेकवून ठेवला होता तेव्हा. चष्मा लावून ती बराच वेळ बघत राहिली, तीही आजोबांकडे नाही, भिंतीकडे. मी श्वास रोखून. मग म्हणाली, "एवढी भिंत कुठली आपली? तुळशीच्या पलीकडे लगेच न्हाणी होती."

सापडले. काका, सांधे नाही सापडले हो तिला, ऊन नाही, डाग नाही. न्हाणी सापडली. म्हटलं, आजी, फ्लेक्स मोठा होता म्हणून भिंत वाढवली. तर म्हणते, "वाढवलीस ती वाढवलीस, चिरे तरी आपलेच लावलेस."

मग उजवीकडे बोट ठेवून विचारलं, हा हात कोणाचा ओळखतेस? क्षणभर विचार नाही. "थोरल्या जाऊबाईंचा. जोड्याचा फोटो आहे तर मी कशाला, म्हणाल्या, नि दारात उभ्या राहून बघत होत्या." मला वाटलं आता डोळे पुसणार. छे. पुढे वाकून आणखी जवळून बघितलं आणि म्हणाली, "हात तिचा आहे. पाटल्या माझ्या आहेत."

मुंजीला नेल्या होत्या म्हणे. त्यानंतर रात्री अकरापर्यंत त्या पाटल्यांचीच गोष्ट चालली होती. जाऊबाईंचे नातू दुसऱ्या दिवशी जेवायला होते, त्यांना फ्लेक्ससमोर उभं करून आजीने तो हात दाखवला. ते बिचारे हसले. त्यांना वाटलं आठवणी सांगतेय.

---

निगेटिव्हवाला
मंगळवार, सकाळी ९:१०

न्हाणी आधी कळली असती तर भिंत तिथेच विरवली असती. राहू दे.

फ्लेक्स उन्हात दोन वर्षं टिकला तर नशीब. लेयरवाली पीएसडी फाइल दोन ठिकाणी ठेवा, आणि मूळ स्कॅन वेगळा, हात न लावलेला. मूळ प्रिंट प्लास्टिकच्या अल्बममध्ये चिकटवू नका, साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा. पाटल्यांच्या कामी कधी लागली तर चांगल्या स्थितीत हवी.